तिसरा प्रश्न कोण विचारणार?



आपल्या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी ‘लोकप्रशासन’ विषय घेऊन एम.ए. करू लागली की घरात एकच विचारणा सुरू होते, "परीक्षा कधी देणार?" परीक्षा म्हणजे कलेक्टरची, डीवायएसपीची, निदान तहसीलदाराची. मुलाने जर सांगितले की, मला परीक्षा द्यायची नाही, मला याच विषयात पीएच.डी. करून शिकवायचे आहे, संशोधन करायचे आहे, तर घरात सुतक पडल्यासारखे होते. "एवढी वर्षे पोटाला चिमटा घेऊन शिकवले ते मास्तर होण्यासाठी?" असे बाप म्हणतो. आई बोलत नाही, पण तिचा चेहरा बोलतो.

या बोलण्यात आईबापांचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी आयुष्यभर साहेबाच्या टेबलासमोर उभे राहून काढले, त्यांना आपले लेकरू त्या टेबलामागच्या खुर्चीत बसलेले पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ती खुर्ची आपल्या समाजाने लढून मिळवली आहे आणि तिची किंमत आम्हीही जाणतो. परंतु त्या खुर्चीत बसणाऱ्याला कारभार कसा करावा हे शिकवतो कोण? त्याच्या हातात पडणारे पुस्तक लिहितो कोण? आणि त्या पुस्तकात आपल्या गल्लीचा, आपल्या नळाचा, आपल्या मस्टरचा विचार असतो की नाही, हे ठरवतो कोण? या आठवड्यात आम्ही अशाच एका पुस्तकी माणसाची हकीकत सांगणार आहोत. माणूस अमेरिकेचा आहे, पण त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या दारातला आहे.

हा विषय आहे तरी काय?

लोकप्रशासन हा शब्द मोठा वाटतो, पण त्यातली गोष्ट रोजचीच आहे. नळाला पाणी किती वाजता सोडायचे, रेशनच्या यादीत कोणाचे नाव, झाडूवाल्याची हजेरी कोण मांडणार, जातीचा दाखला किती दिवसांत मिळणार, रस्ता आधी कोणत्या गल्लीत होणार, हे सारे लोकप्रशासनच होय. कायदा विधानसभेत होतो, परंतु गरिबाची गाठ पडते ती कारकुनाशी, इंजिनिअरशी, मुकादमाशी. कायदा चांगला की वाईट हे आपल्याला त्यांच्या वागण्यावरून कळते.

या कारभाराचा स्वतंत्र अभ्यास व्हावा असे सांगणारा एक लेख अमेरिकेत १८८७ साली वुड्रो विल्सन या प्राध्यापकाने लिहिला. हेच विल्सन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. राजकारण वेगळे आणि कारभार वेगळा, कारभार हा व्यवहारासारखा चोख चालला पाहिजे, असा त्या लेखाचा रोख होता. त्यानंतर कित्येक वर्षे या विषयाचे पंडित मुख्यतः दोनच प्रश्न विचारत राहिले. पहिला प्रश्न, आहे त्या पैशात जास्त काम कसे होईल? दुसरा प्रश्न, आहे तेवढेच काम कमी पैशात कसे होईल? एकाला कार्यक्षमता म्हणा, दुसऱ्याला काटकसर म्हणा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. सरकारचा पैसा म्हणजे शेवटी आपलाच पैसा, तो उधळावा असे कोण म्हणेल? परंतु काम कोणासाठी झाले आणि कोणाच्या वाट्याला आलेच नाही, हे या दोन प्रश्नांतून कळत नाही.

मेम्फिसचे सफाई कामगार

आता १९६८ सालाकडे वळू. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात कचरा उचलणारे कामगार जवळजवळ सारे काळे होते. पाऊस पडला की काळ्या कामगारांना बिनपगारी घरी पाठवायचे आणि गोऱ्या मुकादमांना मात्र दिवस भरून द्यायचा, असे प्रकार तेथे घडत. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात दोन काळे कामगार कचऱ्याच्या गाडीत आसऱ्याला शिरले आणि कचरा दाबण्याचे यंत्र अचानक सुरू होऊन त्यात चिरडून मेले. त्यानंतर १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातील फलकांवर एवढेच लिहिलेले असे की, मी माणूस आहे.

त्या कामगारांना पाठिंबा देण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले होते. तेथेच ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची गोळी घालून हत्या झाली. देशातील कितीतरी शहरे पेटली. पुढे १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांची संघटना मान्य केली, पगारवाढ दिली आणि संप मिटला.

या घटनेत लोकप्रशासन कोठे आहे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ते अगदी मधोमध आहे. पावसाच्या दिवशी कोणाचा दिवस भरायचा आणि कोणाचा नाही, हे मेम्फिसच्या कचेरीत ठरत होते. जुनी यंत्रे बदलायची की चालवून घ्यायची, हेही कचेरीतच ठरत होते. काटकसरीच्या हिशेबाने पाहिले तर तो कारभार कदाचित स्वस्तातला ठरला असता. त्या स्वस्ताईची किंमत दोन माणसांनी जीव देऊन मोजली.

सरोवराकाठची बैठक

त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील डोंगराळ भागात, सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मिनोब्रुक नावाच्या वास्तूत, या विषयाचे तरुण अभ्यासक जमले. ड्वाइट वाल्डो नावाच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यांना बोलावले होते. वाल्डोंचे म्हणणे असे की, शहरे जळत आहेत, व्हिएतनामचे युद्ध चालू आहे आणि आमचा विषय मात्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालला आहे, तेव्हा आता तरुणांनी बोलावे.

त्या तरुणांत एच. जॉर्ज फ्रेडरिकसन हे एक होते. १९३४ साली आयडाहो राज्यातील ट्विन फॉल्स या गावी जन्मलेले, युटा आणि कॅलिफोर्निया येथे शिकलेले, १९६७ साली पीएच.डी. झालेले आणि सिरॅक्यूजमध्ये नुकतेच शिकवू लागलेले. वय चौतीस. बैठकीतील निबंधांचे पुस्तक फ्रँक मरिनी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. त्यात फ्रेडरिकसन यांचा निबंध आहे. जुन्या दोन प्रश्नांच्या शेजारी त्यांनी तेथे तिसरा प्रश्न मांडला. या सेवेमुळे सामाजिक समन्याय वाढतो काय?

समन्याय म्हणजे सर्वांना सारखे वाटप नव्हे. एका गल्लीत डांबरी रस्ता आहे, दुसऱ्या गल्लीत गुडघाभर चिखल आहे. दोन्ही गल्ल्यांना सारखाच पैसा दिला तर कागदावर समता दिसेल, पण चिखल चिखलच राहील. ज्याच्या वाट्याला आजवर कमी आले त्याला आधी आणि जास्त द्यावे, तेव्हा कोठे न्याय होईल. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. सवलती आणि राखीव जागा यांवरून वाद घालणाऱ्यांशी आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच बोलत आलो आहोत. फ्रेडरिकसन यांनी हा विचार कारभाराच्या शास्त्रात नेऊन ठेवला. अधिकाऱ्याने आपले काम मोजताना कार्यक्षमता आणि काटकसर यांच्या जोडीला हे तिसरे मापही लावले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. या विचाराला पुढे ‘नवलोकप्रशासन’ असे नाव पडले. आपली मुले एम.ए.च्या पेपरात यावर टीप लिहितात ती हीच. पाच मार्कांची टीप, पण तिच्यामागे मेम्फिसच्या रस्त्यावरची माणसे आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही.

शॉ गावचे दिवे आणि महाडचे तळे

तिसरा प्रश्न विचारला म्हणजे काय दिसते, याचा एक नमुना पाहा. मिसिसिपी राज्यात शॉ नावाचे एक छोटे गाव आहे. वस्ती त्या वेळी अडीच हजारांच्या आसपास, त्यात काळे लोक अधिक. तेथील काळ्या नागरिकांनी नगरपालिकेविरुद्ध दावा लावला. तो ‘हॉकिन्स विरुद्ध शॉ नगर’ या नावाने ओळखला जातो. न्यायालयासमोर आलेले आकडे असे होते. कच्च्या रस्त्यावर तोंड असलेल्या घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के घरे काळ्यांची. गटाराची सोय नसलेल्या घरांपैकी ९७ टक्के काळ्यांच्या वस्तीतली. आणि नवे प्रखर दिवे जेवढे आणले ते एकूण एक गोऱ्यांच्या भागात लावलेले. काळ्यांना दिवे देऊ नका असा हुकूम कोणी कागदावर लिहिला होता काय? तसा लेखी हुकूम लागतच नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी यादी केली, कोणीतरी सही केली आणि दरवेळी काही ना काही कारण सापडले. १९७१ साली अपील न्यायालयाने नगरपालिकेची कारणे अमान्य केली आणि कायद्याचे समान संरक्षण देण्यात ती चुकली असा निकाल दिला.

हे वाचताना आपल्याला महाड आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणारी सार्वजनिक पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली झाली. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठरावही केला. कागद पूर्ण झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि पाण्याची ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर होते, तेच लोकप्रशासनाचे खरे क्षेत्र होय.

हा विषय बाबासाहेबांना परका नव्हता. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था यांवरच होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी बजावले होते की, संविधानाच्या अक्षराला हात न लावताही केवळ कारभाराचे रूप बदलून संविधान निकामी करता येते, म्हणून कारभाराचा तपशीलही संविधानात लिहिणे भाग पडले. तिसरा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या शब्दांत आधीच विचारला गेला होता.

अधिकाऱ्याला हा अधिकार दिला कोणी?

फ्रेडरिकसन यांना विरोध झाला नाही असे नाही. व्हिक्टर थॉम्प्सन नावाच्या अभ्यासकाने १९७५ साली एका पुस्तकात आक्षेप घेतला की, अधिकारी हा लोकांनी निवडून दिलेला नसतो. त्याने नियमाप्रमाणे काम करावे. दया कोणावर दाखवायची हे तो ठरवू लागला तर लोकांची सत्ता त्याने बळकावल्यासारखे होईल. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आज आपल्यावर दया करणारा साहेब उद्या आपल्याच माणसाचा अर्ज बाजूला सारून जातवाल्यावर दया करील. नियमाने चालणारे कार्यालय हा गरिबाचा आधार असतो, हा आपल्याही अनुभवाचा भाग आहे.

१९८५ साली डेव्हिड हार्ट यांच्याबरोबर लिहिलेल्या एका लेखात फ्रेडरिकसन यांनी जे मांडले, त्यात या आक्षेपाला उत्तर सापडते. त्यासाठी त्यांनी डेन्मार्क देशाचा दाखला घेतला. ९ एप्रिल १९४० रोजी हिटलरच्या जर्मनीने डेन्मार्क व्यापला. ऑगस्ट १९४३ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने काम थांबवले आणि देशाचा कारभार खात्यांचे सचिव पाहू लागले. १ ऑक्टोबरच्या रात्री ज्यू लोकांना पकडून नेण्याचा जर्मनांचा बेत होता. तो बेत आधी फुटला, तोही एका जर्मन अधिकाऱ्याकडूनच. मग मच्छीमार, डॉक्टर, पोलीस, कारकून अशा असंख्य माणसांनी मिळून सात हजारांवर ज्यूंना लपवून होड्यांतून स्वीडनला पोहोचवले. सुमारे ४७० लोक पकडले गेले. त्यांचाही पाठपुरावा डेन्मार्कच्या सरकारी अधिकाऱ्यांनी सोडला नाही आणि त्यातील बहुतेक जिवंत परतले. पळालेल्यांची घरेदारे सांभाळण्याचे काम कोपनहेगन नगरपालिकेच्या समाजसेवा खात्याने केले. स्वीडन अगदी जवळ होते म्हणून हे साधले, हे खरे आहे. परंतु समुद्र जवळ असून भागत नाही, होडीत बसवणारी माणसे लागतात.

याच्या उलट चित्र जर्मनीचे. आइकमन नावाचा अधिकारी आगगाड्यांची व्यवस्था पाहत असे. लाखो माणसे त्या गाड्यांतून मरणाकडे गेली. १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयात त्याने सांगितले की, आपण फक्त हुकूम पाळला. १९६२ साली त्याला फाशी झाली.

यावरून फ्रेडरिकसन आणि हार्ट यांनी काढलेला निष्कर्ष असा की, अधिकाऱ्याचे देशप्रेम म्हणजे देशातील सर्व माणसांविषयीची सद्भावना आणि त्यांना मिळालेल्या मूलभूत हक्कांचे रक्षण. म्हणजेच अधिकाऱ्याने मनमानी दया करायची नाही. ज्या राज्यघटनेची शपथ घेऊन तो नोकरीत शिरला तिने जे हक्क सर्वांना दिले, ते शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवायचे. यात अधिकार बळकावणे कोठे आले? जे देणे आहे तेच द्यायचे आहे. ज्या घरात लहानपणापासून मैत्री आणि करुणा हे शब्द कानांवर पडतात, त्या घरातील मुलाला हा विचार परका वाटू नये.

कार्यालयातील नीती म्हणजे लाच न घेणे, एवढीच समजूत आपल्याकडे आहे. लाच न घेणारा साहेब चांगलाच, पण तेवढ्याने भागत नाही. एक पैसाही न खाता, वेळेवर येऊन, स्वच्छ अक्षरात, नियमावर बोट ठेवून एखादा माणूस वर्षानुवर्षे एकाच वस्तीवर अन्याय करू शकतो. शॉ गावच्या दिव्यांची यादी करणारे लोक लाचखोर होते असे कोठे नमूद नाही. संघटनेतील नीती शिकणे म्हणजे ही गोष्ट ओळखायला शिकणे.

मोठी खुर्ची सोडून वर्गात

फ्रेडरिकसन सिरॅक्यूजनंतर इंडियाना आणि मिसुरी येथील विद्यापीठांत होते. पुढे सुमारे दहा वर्षे ते ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. आपल्याकडचे कुलगुरूपद समजा. १९८७ साली ते पद सोडून ते पुन्हा शिकवायला गेले, कॅन्सस विद्यापीठात. तेथील हा विभाग नगर व्यवस्थापक तयार करण्यासाठी नावाजलेला आहे. नगर व्यवस्थापक म्हणजे आपल्याकडच्या महापालिका आयुक्तासारखा अधिकारी. म्हणजे शहराचे पाणी, रस्ते, कचरा ज्यांच्या हाती जाणार त्यांना शिकवण्याचे काम त्यांनी पसंत केले. १९९१ साली त्यांनी या विषयाचे एक संशोधन नियतकालिक सुरू केले. १९९३ साली प्रशासनातील नीतीवर एक ग्रंथ संपादित केला आणि १९९७ साली लोकप्रशासनाच्या आत्म्यावर एक पुस्तक लिहिले. शिवाय या क्षेत्रातील लोकांच्या वृत्तपत्रात ते वर्षानुवर्षे साध्या भाषेत सदर लिहीत.

१९९० नंतर सरकार धंद्यासारखे चालवा, नागरिकाला गिऱ्हाईक समजा, कामे ठेक्याने द्या, अशी लाट जगभर आली. फ्रेडरिकसन यांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, नागरिक हा सरकारचा गिऱ्हाईक नसून मालक आहे. गिऱ्हाईक दुकानात मांडलेल्या मालातून निवड करतो. मालक दुकानात काय ठेवायचे हे ठरवतो. कामे ठेकेदारीवर गेली की भ्रष्टाचाराला जागा वाढते आणि न्यायाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, असा इशाराही त्यांनी दिला. आपल्या वाचकांत महापालिकेचे कायम कामगार आहेत आणि ठेकेदाराकडचे कामगारही आहेत. एकाच रस्त्यावर एकच झाडू मारून दोघांच्या हाती किती पडते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागत नाही. परंतु ते पुस्तकात लिहिले गेले पाहिजे, वर्गात शिकवले गेले पाहिजे, तरच उद्याच्या आयुक्ताच्या कानी पडेल.

या प्रयत्नांना यश किती आले, हेही पाहिले पाहिजे. २००५ साली लिहिलेल्या लेखात फ्रेडरिकसन यांनी आपल्याच विषयाचा हिशेब मांडला. सामाजिक समन्यायाचा सिद्धांत पुस्तकांत मान्य झाला, पण त्याच काळात अमेरिकेतील विषमता वाढत गेली, तेव्हा आता बोलण्याबरोबर करून दाखवा, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना सुनावले. २०१० साली, वयाच्या पंच्याहत्तरीत, त्यांनी याच विषयावर आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. २०२० साली ते वारले. चौतिसाव्या वर्षी विचारलेला प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता आपल्या घराकडे

नागपूर, संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून आपली कितीतरी मुलेमुली हा विषय शिकत आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीती आणि सचोटी यांचा स्वतंत्र पेपर सुरू झाला. म्हणजे जो साहेब होणार त्यालाही आता हे वाचावे लागते. परंतु त्याने वाचावयाची उदाहरणे कोणाच्या आयुष्यातली? ती बहुधा परदेशातली, नाहीतर साहेबांच्या अडचणींची. गटारात उतरणाऱ्या माणसाला सुरक्षेची साधने का मिळाली नाहीत, शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षा संपल्यावर का आले, समाजकल्याणाचा निधी दुसरीकडे कसा वळला, या गोष्टी अभ्यासाच्या शिस्तीत, कागदपत्रांसह कोण लिहिणार? ज्याने त्या घरातून पाहिल्या आहेत तोच त्या नीट लिहू शकेल.

या मार्गातील अडचणी आम्ही लपवणार नाही. एम.ए.नंतर नेट किंवा सेट परीक्षा, मग पीएच.डी.ची चार-पाच वर्षे. पदे भरली जात नाहीत म्हणून कितीतरी पात्र मुले वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, हंगामी मजुरासारखी राबत आहेत. घरात दुसरी कमाई नसेल तर हा मार्ग जड जातो. म्हणून प्रत्येकाने नोकरी नाकारून संशोधनाच्या मागे लागावे असे आम्ही सांगत नाही. ज्याला आधी नोकरी करणे भाग आहे त्याने ती करावी. नोकरीत राहूनही अभ्यास करता येतो आणि कार्यालयात काढलेली वर्षे संशोधनाला उपयोगीच पडतात. मात्र ज्या मुलाला किंवा मुलीला या विषयाची खरी ओढ आहे, तिला "मास्तरकीसाठी शिकलीस काय?" असे म्हणून खचवू नये. मुलगी असेल तर लग्नाची घाई करून तिचा प्रबंध अर्ध्यावर तोडू नये. संशोधनासाठी शासनाच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांची चौकशी विद्यापीठात, समाजकल्याण कार्यालयात आणि पुण्याच्या बार्टी संस्थेत वेळेवर करावी. तारीख गेली की वर्ष जाते.

आणखी एक काम घरातल्या सर्वांना करता येईल. मुलगा पुस्तक घेऊन बसला की त्याला विचारा, यात आपल्या वस्तीसारख्या वस्तीबद्दल काय लिहिले आहे? काही लिहिले नसेल तर माहिती तुम्ही द्या. वडिलांनी मस्टर कसे भरले जात असे ते सांगावे. आईने रेशनच्या रांगेतला कारभार सांगावा. आजीने पाणवठ्याचे दिवस सांगावेत. मुलाने ते तारीख-वारानिशी वहीत उतरवावे आणि माहितीच्या अधिकारात कागद मागवून पडताळून पाहावे. पीएच.डी.च्या प्रबंधाची सुरुवात अशा वहीतून होऊ शकते.

आपल्या समाजातून कलेक्टर व्हावेत, तहसीलदार व्हावेत, जरूर व्हावेत. त्यांच्याबरोबर असे दोन-चार शिक्षकही व्हावेत, जे उद्याच्या प्रत्येक कलेक्टरला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, विचारतील की, काम झाले, पैसा वाचला, पण ते पोहोचले कोणापर्यंत?

जयभीम.